तो रडतोय का?

१

मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी अकरा ते एक. सईच्या घरी जायचे माझे हे वार ठरलेले होते.

माझं काम काय, ते आधी सांगते, कारण लोकांना ते पटकन कळत नाही. बाळंतपणानंतर काही बायकांचं मन ताळ्यावर राहत नाही. झोप उडते, कारण नसताना रडू येतं, बाळाकडे बघून काहीच वाटत नाही, नाहीतर नको नको ते वाटतं. डॉक्टर गोळ्या लिहून देतात, पण डॉक्टर घरी येऊन बसत नाहीत. आमची संस्था त्यासाठी घरोघरी बायका पाठवते. मी त्यातली एक. बावीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स होते, निवृत्त झाल्यावर हे धरलं. जायचं, बाळ मांडीवर घ्यायचं, आईला सावकाश आंघोळ करू द्यायची, गरम जेवू द्यायचं. बोलली तर ऐकायचं, नाही बोलली तर नुसतं शेजारी बसायचं. सल्ले द्यायचे नाहीत आणि खोटं बोलायचं नाही.

मी कोपरखैरण्याला राहते. तिथून कामोठ्याला बसने जायचे. सईची सोसायटी आतल्या बाजूला होती, सातवा मजला. बेलच्या बटणावर कागद चिकटवलेला होता, 'बाळ झोपलंय, टकटक करा.' अक्षर फार सुंदर, एका रेषेतलं. सई एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायची, हे मला नंतर कळलं.

दार तिच्या नवऱ्याने, आशुतोषने उघडलं. ऐरोलीच्या आयटी पार्कात कामाला, सत्तावीस-अठ्ठावीसचा मुलगा. खांद्यावर बॅग तयारच होती. "ताई, तुम्ही आहात ना एकपर्यंत? मग मी निघतो. कामवाली एकला येते," म्हणाला आणि गेला. सईची आई चाळीस दिवस राहून कऱ्हाडला परत गेली होती, वडिलांचं डायलिसिस चालू होतं म्हणून. सासू नव्हती.

सई हॉलमध्ये खाली गादीवर बसली होती. बाळ सात आठवड्यांचं, मुलगी, श्रुती. बाळ अगदी छान होतं. नखं कापलेली, मानेच्या घड्या कोरड्या, अंगावर पुरळ नाही. आईचे मात्र केस चार दिवस विंचरलेले दिसत नव्हते. डोक्याला रुमाल बांधला होता, तोही एका कानावरून वर सरकवलेला.

"गादी इथे का? आत पलंग आहे ना?" मी सहज विचारलं.

"आत नाही झोपत आम्ही," ती म्हणाली. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

मी श्रुतीला घेतलं. सईला ताट वाढून दिलं, मुगाची खिचडी आणि दुधी. ती शांतपणे जेवत होती. श्रुती माझ्या मांडीवर गाढ झोपली. पंखा, खाली कोणाची तरी गाडी, पलीकडे कुकरची शिट्टी, एवढेच आवाज होते. तेवढ्यात सईचा हात घासासकट थांबला. मान किंचित वळली.

"तो रडतोय का हो?"

"कोण?"

"नाही. काही नाही." तिने घास तोंडात घातला.

बाळ झोपलेलंच होतं. मी तिच्याकडे बघितलं, मग श्रुतीकडे. बाळ मुलगी होती.

२

नव्या आईला नसलेलं रडणं ऐकू येतं. यात विशेष काही नाही. नळ सोडला की, मिक्सर लावला की, पंख्याच्या घरघरीत, कुठेही. मी शेकडो बायकांना सांगितलंय, तुझा कान अजून ड्यूटीवर आहे, म्हणून. 'तो' म्हणाली तेही मी बोलण्याच्या ओघात धरलं. बाळ मुलगी असली तरी 'आला माझा राजा' म्हणणाऱ्या बायका आपल्याकडे कमी आहेत का?

तिसऱ्या वेळी गेले तेव्हा सई श्रुतीला पाजत होती. उजवीकडे. संपल्यावर श्रुती तोंड शोधत राहिली, तर सईने तिला खांद्यावर घेऊन पुन्हा उजवीकडेच लावलं.

"डावीकडे घेत नाही का?"

"तिला तिकडे नाही देत."

"दुखतं का गं? गाठ आलीय? बघू का?"

तिने निमूट दाखवलं. मी हात धुऊन तपासलं, आणि जरा थांबले. जी बाजू पाजत नाहीत ती एक तर दगडासारखी टणक होते आणि ताप येतो, नाहीतर आठ-पंधरा दिवसांत आटून जाते. तिसरं काही होत नाही. ही बाजू मऊ होती. जरासं दाबलं तर दूध आलं. आणि टोकाशी कातडी लाल, सोललेली होती, नवं बाळ नीट तोंडात घेत नाही तेव्हा होते तशी.

"पिळून काढतेस का?"

"नाही."

"मग?"

सईने ब्लाउज सारखा केला. आवाज अगदी साधा होता, भाजी काय केली ते सांगावं तसा. "ती बाजू त्याची आहे, ताई. आशुतोष गेला की मी आत जाऊन बसते. तो पितो. झालं की बाहेर येते."

"दिसतो तुला?"

"मी बघत नाही. तोंड बघितलं की माया लागते."

अशा वेळी घाबरायचं नाही आणि आडून विचारायचं नाही, असं आम्हाला शिकवलेलं आहे. मी सरळ विचारलं. श्रुतीला काही करावंसं वाटतं का? स्वतःला? तो तुला काही करायला सांगतो का?

"नाही हो. तो काय सांगणार? तो एवढासा आहे." तिने दोन्ही हातांत अंतर धरून दाखवलं. "तो भुकेला असतो, बस."

मी तिच्यासमोरच डॉक्टर नमितांना फोन लावला. आमच्या संस्थेच्या मानसोपचारतज्ज्ञ. त्या त्याच दिवशी आल्या, दीड तास बोलल्या. पाजणाऱ्या आईला चालतील अशा गोळ्या सुरू केल्या. आशुतोषला बाहेर घेऊन स्पष्ट सांगितलं, की हिला बाळासोबत एक मिनिटही एकटं ठेवायचं नाही, आणि काही वेगळं वाटलं तर वाट न बघता ॲडमिट करायचं. तो भिंतीला टेकून उभा होता. "मॅडम, हे फाइलवर जाणार का? तिच्या ऑफिसला कळलं तर?" एवढं विचारून तो एकदम रडला. मग त्याने घरून काम मागून घेतलं आणि त्याच दिवशी आतल्या खोलीला बाहेरून कडी घातली.

डाव्या बाजूचं मी डॉक्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "झोपेत पाजत असेल श्रुतीलाच, आठवत नसेल." पटण्यासारखं होतं. मीही तेच लिहिलं.

३

पुढच्या शुक्रवारी आशुतोषला ऑफिसात जाणं भाग होतं. मी आल्यावरच तो निघाला.

सईला गोळ्यांनी झोप लागायला लागली होती. डोळ्यांखालची काळी वर्तुळं उतरली होती. मी तिच्या डोक्याला तेल लावून दिलं आणि न्हायला पाठवलं. बाथरूमच्या दाराला आतून कडी लावायची नाही, एवढं ठरलेलं. पाण्याचा आवाज सुरू झाला. मी श्रुतीला मांडीवर घेऊन गादीवर बसले.

तेव्हा ते ऐकू आलं.

आधी मी श्रुतीच्या तोंडाकडे बघितलं. हे माझ्या अंगवळणी पडलंय, आवाज आला की आधी तोंड बघायचं. तिचे ओठ मिटलेले होते. खालचा ओठ झोपेत जरासा हलत होता, तेवढंच. आणि आतल्या खोलीत, कडी लावलेल्या दारामागे, बाळ रडत होतं.

मोठ्याने नाही. 'एऽ', मग थांबायचं. पुन्हा 'एऽ', जरा लांब. मग तीन-चार पाठोपाठ. बावीस वर्षं ज्या वॉर्डात काढली तिथे एका वेळी वीस-वीस पाळणे असायचे. पोट दुखतंय, लंगोट ओला झालाय, की भूक लागलीय, हे डोळे मिटून सांगता यायचं. बाळ किती दिवसांचं, तेही साधारण कळायचं. श्रुती नऊ आठवड्यांची होती. आतलं रडणं चार-पाच दिवसांच्या बाळाचं होतं. भुकेचं.

मी श्रुतीला गादीवर दोन उशांमध्ये ठेवलं आणि जाऊन कडी काढली.

पलंग, त्यावर घडी घातलेल्या दुलया. भिंतीतलं कपाट. कपडे वाळत घालायचा स्टँड, त्यावर श्रुतीची झबली. खिडकीच्या काचा लावलेल्या, बाहेर ऊन. खोली बंद होती म्हणून कोंदट वास होता, आणि त्यात दुधाचा आंबूस वास. तान्हं बाळ ज्या घरात असतं तिथे तो असतोच. आवाज थांबला होता. दार उघडताक्षणी थांबला असंही नाही. मी आत पाऊल टाकल्यावर थांबला. कोणी आल्याचं कळल्यावर बाळ थांबतं तसा.

मी पलंगाखाली वाकून बघितलं. कपाट उघडलं. दुलया उचलल्या. मग कडी लावली आणि पुन्हा श्रुतीशेजारी येऊन बसले.

सई ओले केस टॉवेलात गुंडाळून बाहेर आली. माझ्याकडे बघत उभी राहिली.

"रडला ना?"

मला एका क्षणात ठरवायचं होतं. हो म्हटलं असतं तर तिने गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या असत्या. कडी काढली असती. आणि मला नक्की काय माहीत होतं? एक आवाज. इमारतीत आवाज कुठूनही येतो.

"नाही गं," मी म्हणाले. "काही नाही आलं ऐकू."

तिने मान हलवली. चेहरा पडला, पण त्यात सुटल्यासारखंही काहीतरी होतं. "म्हणजे माझंच डोकं," ती म्हणाली.

"आजार आहे तो. बरा होतो."

हे खोटं नव्हतं. आजार होताच. ती तीन आठवडे नीट झोपली नव्हती, तिच्या मनात येणारं बरंच काही त्या आजाराचंच होतं, आणि ते गोळ्यांनी जायला लागलं होतं. मी स्वतःला हेच सांगत लिफ्टकडे गेले.

४

लिफ्टपाशी शेजारच्या गोजराबाई उभ्या होत्या. साठीच्या, इथल्याच मूळ गावातल्या, डोक्यात अबोलीचा गजरा. मुलगा प्रीतम बिल्डर, त्याने आईला हा फ्लॅट ठेवलेला. मला बघून म्हणाल्या, "तुमी त्या पोरीकरं येता ना? बाल सांभालाला?"

"हो."

"बरा करता गो बाय. एकली पोर, आनि दोन-दोन लेकरा. कसा करते ती?"

"दोन नाहीत," मी म्हणाले. "एकच. मुलगी."

गोजराबाई हसल्या. "आवं, माझी आन तिची भित एक हाय. मला काय आयकू येत नाय? एक ररतंय ते मोठं, आनि एक बारीक. जुलीच हान ना?"

लिफ्ट आली. मी आत शिरले. दार बंद होईपर्यंत, मी 'हो, जुळी' म्हणेन या अपेक्षेने त्या माझ्याकडे बघत होत्या.

खाली मी वॉचमन नामदेवला विचारलं, या विंगमध्ये आणखी कुठे तान्हं बाळ आहे का? त्याने गॅस सिलेंडरवाल्याला थांबवून नीट आठवून सांगितलं. तिसऱ्या मजल्यावर दोन वर्षांचा मुलगा, बाराव्यावर शाळेतली पोरं, सईच्या वर एक रिकामा फ्लॅट आणि खाली एक निवृत्त जोडपं. तान्हं बाळ एकच. मी त्याच्याबरोबर डक्टच्या बाजूलाही जाऊन आले. पाइप, एक पडलेला चिमटा, कबुतरं. कबुतरांचा आवाज कधीकधी बाळासारखा येतो. मी तिथे पाच मिनिटं उभी राहून कबुतरं ऐकली. कबुतरांसारखीच वाटली.

घरी मी नवऱ्याला, जयप्रकाशना, एवढंच म्हटलं की हल्ली कानात आवाज येतात. तुर्भ्याच्या कारखान्यात तीस वर्षं मशीनवर काढल्यामुळे त्यांचा स्वतःचा डावा कान गेलेला. त्यांनी काळजीने मला वाशीला नेऊन कान तपासून घेतले. काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी दाबत गेले. तपासणाऱ्या मुलीने कागद बघून सांगितलं, "काकू, तुमच्या वयाला एवढे चांगले कान कोणाचे नसतात."

मी तो कागद कपाटात ठेवला. गोजराबाईंचं बोलणं मी संस्थेत कोणालाही सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे कडेने का होईना, माझंही सांगावं लागलं असतं. आणि मग फाइल कोणाची उघडायची हा प्रश्न आला असता.

५

सई सुधारत गेली. हे मी मनापासून सांगते, ते बघायला फार छान होतं.

डिसेंबरात ती केस विंचरायला लागली. मग एकदा मी गेले तेव्हा घरात कढीपत्त्याच्या फोडणीचा वास होता. कामवालीने नाही, सईने पोहे केले होते. श्रुती हुंकार द्यायला लागली आणि सई तिला उत्तर द्यायला लागली, खरीखुरी, डोळ्यांत डोळे घालून. डॉक्टर नमिता म्हणाल्या, आता ती फक्त भासांबद्दल बोलते, भासांमधून बोलत नाही. जानेवारीत सईने मला सांगितलं, "ताई, दहा दिवस झाले. काहीच नाही ऐकू आलं." श्रुती तोवर दोन्ही बाजूंनी पीत होती आणि गुटगुटीत झाली होती.

मला मात्र ऐकू येत होतं. दर वेळी नाही. पण आठवड्यातून एकदा तरी.

पहिले काही दिवस ते जोरात होतं. रागाचं. ठरलेल्या वेळी आई आली नाही की बाळ जसं रडतं, श्वास कोंडून, तसं. तेव्हा मी सईशी बोलत असले तर बोलत राहायचे, तिच्या चेहऱ्यावर काही उमटतंय का बघत. काही उमटत नव्हतं. मग ते लांब लांब अंतराने यायला लागलं. आवाज बारीक झाला. श्रुती चार महिन्यांची झाली, तिचा आवाज भरला, ती खिदळायला लागली. आतलं बाळ वाढलं नाही. ते चार-पाच दिवसांचंच राहिलं, फक्त त्याची ताकद जात होती.

वॉर्डात आम्हाला रडणाऱ्या बाळाची भीती कधी वाटली नाही. आम्ही धावायचो ते रडायचं थांबलेल्या बाळाकडे. आधी बाळ ओरडतं, मग कुरकुरतं, मग मांजराच्या पिलासारखं नुसतं कण्हतं, आणि मग शहाण्यासारखं गप्प पडून राहतं. घरच्यांना वाटतं, झोपलं.

फेब्रुवारीत ते कण्हण्यावर आलं होतं.

मी बसमध्ये बसून स्वतःला समजवायचे. जे नाहीच त्याला भूक कशी लागेल? सई त्यातून बाहेर आली, एक खरंखुरं बाळ आईच्या मांडीवर सुखाने वाढतंय, यापेक्षा मला काय हवं? यात चूक काहीच नव्हती. मी हिशोबाने, समंजसपणे हे सगळं मनाशी म्हणायचे, आणि माझं लक्ष असायचं की आज कण्हणं ऐकू आलं होतं की नव्हतं.

६

सई पूर्ण बरी झाली, हे आधीच सांगून टाकते. आता ती ऐरोलीला राहते. आशुतोषला ऑफिस जवळ पडावं म्हणून त्यांनी मार्चमध्ये घर बदललं. ती पुन्हा कामावर जाते, श्रुती आता धरून धरून चालते. मला फोटो येतात.

मी सांगतेय ते कामोठ्याच्या घरातल्या माझ्या शेवटच्या दिवसाचं. हॉलमध्ये खोकी बांधून ठेवली होती. प्रत्येक खोक्यावर सईच्या सुंदर अक्षरात आतल्या वस्तूंची नावं. ती मजेत होती. खोक्याला टेप लावता लावता तिने वर न बघता विचारलं, "ताई, खरं सांगा हं. तुम्हाला कधीच नाही ऐकू आलं?"

"कधीच नाही," मी म्हणाले.

"बरं." तिने टेप दातांनी तोडली. "मी खाली मेडिकलमधून श्रुतीचे डायपर घेऊन येते. तिलाही नेते, ऊन खाईल जरा. दहा मिनिटं."

बाळाला कडेवर घेऊन ती एकटी खाली जाते, यासाठीच तर आम्ही चार महिने खपलो होतो. मी दारापर्यंत गेले. लिफ्टचा आवाज खाली जाईपर्यंत थांबले.

घर शांत झालं. मी चुळबुळत दोन खोकी सरकवली. मग आतल्या दारापाशी जाऊन कान लावला. काही नाही. बराच वेळ काही नाही. मग एकदाच, अगदी तळातून आल्यासारखं, एक कण्हणं.

मी कडी काढली. दुपारचं लख्ख ऊन पलंगावर पडलं होतं. दुलया खोक्यात गेल्या होत्या, गादी उघडी होती. इथे काही नाही हे मला एकदा नीट बघून घ्यायचं होतं, म्हणजे उद्या हे लोक गेल्यावर माझ्या जिवाला घोर राहणार नाही. असं मी स्वतःला म्हणत होते, पण हात भलतंच करत होते. मी पलंगाच्या कडेला बसले, पदर सारखा केला आणि मांडी घातली.

"ये," मी म्हणाले.

मी वर बघत होते, बंद पंख्याकडे. मांडीवर आधी काही वाटलं नाही. मग पदराचं कापड जरासं ताणलं गेलं. वजन आलं. वजनकाटा न लावता बाळाचं वजन सांगण्यात माझा हात कोणी धरत नसे. दोन किलोही नव्हतं. थंडगार होतं.

माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. आम्ही वॉर्डात करायचो तसं मी करंगळीचं टोक पुढे केलं. ते ओठांनी शोधलं गेलं, धरलं गेलं, आणि मी एवढी वर्षं बाळं हाताळली, पण अशी ओढ मला कधी लागली नव्हती. कोपरापर्यंत जाणवत होती.

मी खाली बघितलं नाही. पण माणसाची नजर काही पूर्ण आपल्या ताब्यात नसते. कडेने मला तेवढंच दिसलं. ओले, चिकटलेले काळे केस, आणि त्यांच्या मधोमध टाळू. बाळाच्या अंगातलं पाणी संपलं की टाळू आत जाते. ही वाटीसारखी खोल गेली होती, आणि त्या वाटीच्या तळाशी उडत होती.

"ताई?"

सई दारात उभी होती. कडेवर श्रुती, हातात डायपरची पिशवी. ती कधी आली ते मला कळलं नव्हतं.

"ताई, काय करताय?"

"बसले जरा. दमले."

तिने माझ्या मांडीकडे बघितलं. माझ्या करंगळीकडे बघितलं. मग फार हळू, फार सांभाळून, समोरच्या माणसाला धक्का बसू नये अशा आवाजात तिने विचारलं, "कोणी आहे का तिथे?"

माझं उत्तर ऐकून ती काय करील, हे मला तिच्या तोंडावर सगळं दिसत होतं. तिने श्रुतीला जवळ ओढून घेतलं होतं. पाय उंबऱ्याच्या बाहेर होते.

"नाही," मी म्हणाले. "कोणी नाही."

बाळाच्या तोंडातून बोट ओढून काढता येत नाही. हिरडीला लागतं. दुसऱ्या हाताचं बोट ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवून धरलेलं सोडवावं लागतं. मी सवयीने तसं केलं. एवढासा आवाज झाला. ज्या बाईने कधी पाजलंय तिला तो आवाज कुठेही ओळखू येतो.

सईने डोळे मिटले.

श्रुती तिच्या कडेवर होती, आईच्या मंगळसूत्राशी खेळत. सई तशीच उभी राहिली. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, माझ्या मांडीकडे नाही.

"मलाही काही नाही ऐकू आलं," ती म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं.

मी उठले. उठताना मांडीवरचं वजन कुठे गेलं, ते मी बघितलं नाही. बाहेर आल्यावर सईने स्वतः दार लोटलं आणि कडी घातली, नीट खाली ओढून. "चहा ठेवते," म्हणाली.

आम्ही खोक्यांवर बसून चहा घेतला. तिने ऐरोलीच्या घराचं सांगायला सुरुवात केली. पाणी दोन वेळा येतं, बाल्कनीतून खाडी दिसते, खालीच पाळणाघर आहे. आत सुरू झालं तेव्हा तिचा आवाज जरा चढला. मग माझाही. पाळणाघरातल्या बायका कशा आहेत, किती मुलांमागे एक, डबा आपला की त्यांचा, मी सगळं विचारत गेले आणि ती सगळं सांगत गेली.

थोड्या वेळाने ते थांबलं.

सईने कप खाली ठेवला आणि विचारलं, आणखी अर्धा कप घेणार का? मी हो म्हटलं.